पत्र्यावरची कावी: गोव्यात पहिलं कॅबिनेट सजवणाऱ्यांसाठी

माझं पहिलं कॉम्प्युटर कॅबिनेट मी जुलैत रंगवलं. डिचोलीच्या घरी पडवीत वर्तमानपत्रं अंथरली, स्प्रेचा डबा खळखळ हलवला आणि काळा चकचकीत रंग मारला. तासाभराने पाहतो तर काळ्यावर दुधाची साय धरावी तसा पांढरट थर. पाऊस पडत नव्हता, नुसती हवा ओली होती, आणि तेवढंच पुरलं. चतुर्थीला पाहुणे आले तोवर पंख्यासाठी कापलेल्या भोकाच्या कडेला तांबूस रेघ उमटली होती. दिवाळीपर्यंत तो गंज रंगाखाली शिरला आणि पापुद्रे निघायला लागले.

त्यानंतर मी आणखी तीन कॅबिनेटं केली. शेवटच्याला दोन पावसाळे झाले, तरी रंग टिकून आहे. मधल्या काळात जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो. गोव्यातल्या जुन्या देवळांच्या भिंतींवरची तांबडी-पांढरी नक्षी, म्हणजे कावी, पत्र्यावर कशी काढायची तेही त्यातच आहे. व्हिडिओ पाहून शिकता येतं, मीही तसंच शिकलो, पण ते बहुतेक कोरड्या हवेच्या गावांतले असतात. आपल्याकडे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वर समुद्राची खारी हवा, आणि डिचोली-सत्तरी-सांगे भागात खाणींची तांबडी धूळ. गोव्यात हे काम करायचं तर आधी हवेशी जमवून घ्यावं लागतं.

कॅबिनेट म्हणजे आपण ज्याला सवयीने ‘सीपीयू’ म्हणतो तो पत्र्याचा डबा. त्यात भोकं पाडणं, खिडकी बसवणं, रंग-नक्षी-दिवे करणं म्हणजे मॉडिंग. १९९५ साली इंटेलने एटीएक्स हे माप ठरवून दिलं आणि मदरबोर्डच्या (कॉम्प्युटरचे बाकीचे भाग ज्यावर जोडतात त्या मुख्य पाटीच्या) स्क्रूंची भोकं जवळजवळ सगळीकडे सारखी झाली. म्हणून वीस वर्षांपूर्वीच्या एटीएक्स डब्यात आजचा बोर्ड बसतो, आणि भंगारातलं कॅबिनेटही कामाचं ठरतं.

१. आधी महिना ठरवा, मग डिझाइन

जूनपासून चतुर्थीपर्यंत फक्त कागदकाम करा: मोजमाप, चित्रं, पुठ्ठ्याचा नमुना, सामानाची जमवाजमव. चतुर्थी ते दिवाळी कापकाम. रंग नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि तोही सकाळी अकरा ते दुपारी तीन याच वेळेत. थंडीच्या दिवसांत पहाटे दंव पडतं, पत्रा गार असतो आणि त्यावर न दिसणारा ओलावा बसलेला असतो. पत्रा अर्धा-पाऊण तास उन्हात ठेवून, हाताला कोमट लागला की मगच स्प्रे घ्या.

घाई असेल तर रंगाचं काम बाहेर द्या, पण पावसात घरी स्प्रे करू नका. या एका बाबतीत मी कुणालाच सवलत देत नाही.

२. कॅबिनेट निवडताना

पहिल्या कामाला नवं कॅबिनेट घेऊ नका. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात मागच्या खोलीत जुनी कॅबिनेटं पडलेली असतात, भंगारवाल्याकडे वजनावर मिळतात. दोन गोष्टी तपासा. बाजूचा पत्रा अंगठ्याने दाबा. डबा वाजावा तसा आत-बाहेर होत असेल तर तो अर्ध्या मिलिमीटरचा किंवा त्याहून पातळ आहे, कापताना थरथरेल आणि वाकेल. पाऊण मिलिमीटरच्या आसपास असेल तर उत्तम. दुसरं, मदरबोर्ड ज्या पत्र्यावर बसतो तो स्क्रूने सुटतो की रिव्हेटने जोडलेला आहे ते बघा. रिव्हेट असले तरी चालेल, फक्त वेळ वाढेल.

सापळा: आजकालच्या कॅबिनेटच्या बाजूला टफन केलेली काच असते. ती कापता येत नाही, तिला भोकही पडत नाही. ड्रिल लावताच संपूर्ण काचेचा चुरा होतो. अशी काच असेल तर ती बाजूला ठेवा आणि तिच्या मापाचं अक्रिलिक कापून आणा.

३. कागदपत्रं आणि हत्यारं

कागदपत्रं म्हटल्यावर नवल वाटेल, पण ही हाताशी लागतातच:

- मदरबोर्डचं मॅन्युअल (पुढच्या बटणांच्या बारीक वायरी कुठे जातात ते त्यातच असतं)
- ग्राफिक्स कार्डची लांबी आणि कूलरची उंची लिहिलेला कागद
- सगळ्या सुट्या भागांची बिलं. कॅबिनेट कापलं की त्याची वॉरंटी गेली असं समजा. आतल्या भागांत कापाकापी करू नका, म्हणजे त्यांची टिकून राहील.
- कॅबिनेट उघडण्याआधी सहा बाजूंनी काढलेले फोटो

हत्यारांत ड्रिल, धातू कापायचं पातं लावलेला जिगसॉ (विजेवर खाली-वर चालणारी करवत; इंचाला चोवीस दातांचं पातं घ्या), सेंटर पंच (ड्रिल घसरू नये म्हणून पत्र्यावर ठोकायचा), अर्धगोल आणि गोल कानस, दोन सी-क्लॅम्प, स्टीलची पट्टी, मास्किंग टेप, ४००, ८०० आणि २००० नंबरचे पाण्याचे पॉलिश पेपर, पॉप रिव्हेट गन. डोळ्यांना गॉगल, हातात मोजे. रंगासाठी कापडी मास्क पुरत नाही. तो धूळ अडवतो, थिनरची वाफ नाही. काडतूस बसवलेला मास्क घ्या, हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात मिळतो.

हे सगळं विकत घेण्याआधी गावात विचारा. आपल्याकडे प्रत्येक वाड्यावर नरकासुर (दिवाळीला जाळतात तो पुतळा) करणारी मुलं आहेत. लोखंडी सांगाडा उभा करणं, मोटर लावून हात हलवणं, डोळ्यांत दिवे बसवणं त्यांच्या हातचं आहे. शिमग्याला चित्ररथ करणारे तर याहून पुढचे. मला जिगसॉ धरायला अशाच एका दादाने शिकवलं. दिवाळी संपली की ही मंडळी मोकळी असतात. फेब्रुवारी उजाडला की चित्ररथांच्या मागे लागतात, तेव्हा त्यांना त्रास देऊ नका.

४. पुठ्ठ्यावर करून बघा

टीव्ही किंवा फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या. बाजूच्या पत्र्याच्या मापाचा तुकडा कापून त्यात खिडकी कापा, पंख्याचं भोक कापा, कॅबिनेटला चिकटवा आणि आठवडाभर तसंच वापरा. खिडकीतून नेमकं काय दिसतं ते कळेल. माझ्या दुसऱ्या कॅबिनेटला मी खिडकी थोडी खाली घेतली होती. पुठ्ठा लावल्यावर लक्षात आलं की दिसतोय तो पॉवर सप्लाय आणि त्याच्या वायरींचा गुंता. पत्रा कापल्यावर कळलं असतं तर उपाय नव्हता.

कॅबिनेट पूर्ण लाकडी करायचा मोह पहिल्यांदा टाळा. फणसाचं लाकूड देखणं असतं, पण पावसात फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं, आणि पत्रा गेला की आतल्या भागांना अर्थिंगचा आधारही जातो. पुढची पट्टी किंवा पाय लाकडाचे करा. प्लायवूड घेतलंत तर आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लाय घ्या. एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेला फळा) आपल्या हवेत दोन पावसाळ्यांत कडेने बिस्किटासारखा फुगतो.

५. पूर्ण मोकळं करा

मदरबोर्ड, हार्ड डिस्क, पॉवर सप्लाय, पंखे, पुढची बटणं, सगळं बाहेर. “थोडंसंच कापायचंय, बोर्ड राहू दे” असा विचार मनात येईल, तो ऐकू नका. कापताना उडणारा लोखंडाचा कीस डोळ्यांना दिसत नाही इतका बारीक असतो, आणि तो बोर्डाच्या दोन टोकांमध्ये अडकला की बटण दाबताक्षणी शॉर्ट.

पॉवर सप्लायची पेटी मात्र कधीही उघडू नका, प्लग काढलेला असला तरी. आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते.

स्क्रू काड्यापेट्यांत वेगवेगळे ठेवा आणि वर लिहा. कॅबिनेटमध्ये दोन तऱ्हांचे स्क्रू असतात, जाड आट्यांचे ६-३२ आणि बारीक आट्यांचे एम३. दिसायला सख्खे भाऊ, पण एकाच्या जागी दुसरा पिळला की आटे जातात. रिव्हेट काढायचे असतील तर डोक्यावर साडेतीन मिलिमीटरचं ड्रिल हलकेच टेकवा, डोकं उडालं की बाकीचा भाग पंचाने आत ढकला.

६. पंख्याचं भोक

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून सावकाश सांगतो.

१२० मिलिमीटरच्या पंख्याला १२० चं भोक पाडायचं नसतं. पत्र्यावर मास्किंग टेप चिकटवा आणि त्यावर १०५ मिलिमीटर बाजूचा चौकोन काढा. चौकोनाचे चार कोपरे म्हणजे स्क्रूंच्या जागा. कोपऱ्यांना तिरक्या रेषांनी जोडा. रेषा जिथे छेदतात तो मध्य. त्या मध्यावर कंपास ठेवून ११४ मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ काढा. म्हणजे कोपऱ्याच्या स्क्रूपासून कापाच्या कडेपर्यंत साधारण सतरा मिलिमीटर पत्रा राहतो आणि पंखा भक्कम बसतो. १४० च्या पंख्याला स्क्रूंचं अंतर १२४.५, जुन्या ८० च्या पंख्याला ७१.५.

चार कोपऱ्यांवर सेंटर पंचाने ठोका मारून साडेचारची भोकं आधी पाडा. मग पंखा हातात धरून भोकांवर लावून बघा. जुळला तरच पुढे जा.

११४ चा होल सॉ (ड्रिलला लावून गोल भोक कापायचं पातं) महाग असतो आणि एका भोकासाठी घेण्यासारखा नाही. जिगसॉ पुरतो. वर्तुळाच्या आत रेषेला लागून दहाचं भोक पाडा, त्यात पातं घाला. पत्र्याखाली प्लायचा तुकडा क्लॅम्पने आवळून धरा. पत्रा एकटा असला की थरथरतो, पातं अडकतं आणि रेषा सुटते. पात्यावर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब. वेग मध्यम. रेषेच्या आतून एक मिलिमीटर सोडून कापा आणि उरलेलं अर्धगोल कानशीने घासून रेषेला आणा. कानस एकाच दिशेने चालवा, मागे-पुढे नको.

ग्राइंडरने हेच काम पाच मिनिटांत होतं. पण ठिणग्यांनी पत्र्यावरचा जस्ताचा थर जळतो आणि गंज कापापासून बोटभर आतपर्यंत पसरतो. समुद्राजवळ राहत असाल तर ग्राइंडर नकोच.

७. कापलेली कड

कॅबिनेटचा पत्रा आतून राखाडी दिसतो, कारण त्यावर जस्ताचा पातळ मुलामा असतो. गंज तोच अडवतो. आपण कापतो तेव्हा कडेला नुसतं लोखंड उघडं पडतं. माझ्या पहिल्या कॅबिनेटला चतुर्थीपर्यंत जी तांबूस रेघ आली ती इथेच आली होती.

कापल्याच्या दिवशीच कड झाका, उद्यावर टाकू नका. ४०० च्या पेपरने कड गोलसर घासा, थिनरच्या फडक्याने पुसा, आणि बारीक ब्रशने वॉश प्रायमर (जस्त-लोखंडाला घट्ट धरणारं पातळ अस्तर) लावा. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात वॉश प्रायमर म्हटलं की देतात.

सापळा: हार्डवेअरवाला आपुलकीने रेड ऑक्साइड देईल. आपल्याकडे गेटापासून गजांपर्यंत सगळ्याला तोच लागतो. लोखंडी गेटाला तो ठीक, पण जस्ताच्या मुलाम्यावर थेट लावला तर जस्त आणि तेलाचा रंग यांची आतल्या आत प्रक्रिया होते आणि काही महिन्यांनी रंग पापडासारखा सुटतो. आधी वॉश प्रायमर, मग हवं ते.

रंग पूर्ण झाल्यावर कडेला रबराची यू आकाराची पट्टी बसवा. गाडीच्या दरवाज्याची बीडिंग मिळते तिथेच ती मिळते. पट्टी रंग वाळल्यावरच बसवायची. ओल्या कडेवर बसवली तर ती पाणी धरून ठेवते.

८. खिडकी

तीन मिलिमीटरचं अक्रिलिक पुरतं. दुकानांच्या पाट्या आणि नेमप्लेट करणाऱ्यांकडे तुकडे पडलेले असतात, अनेकांकडे लेझर कटिंगही असतं. पुठ्ठ्याचा नमुना सोबत न्या, तोंडी माप सांगू नका. अक्रिलिकऐवजी पीव्हीसीचा तुकडा स्वस्तात देऊ केला तर लेझरवर तो कापायला सांगू नका, जळताना विषारी आम्लाची वाफ सोडतो. घरी भोकं पाडायची असतील तर दोन्ही बाजूंना टेप, खाली लाकूड, ड्रिल अगदी हळू. शेवटच्या क्षणी दाब कमी करा, तडा तेव्हाच जातो.

स्वच्छ काचेसारखीच खिडकी हवी असं काही नाही. जुन्या गोमंतकीय घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या चकत्या असत. ऊन त्यांतून मऊ होऊन आत यायचं. माझ्या तिसऱ्या कॅबिनेटला मी दुधी अक्रिलिकवर सागवानी पट्ट्यांच्या बारीक चौकटी लावल्या आणि मागे एकच पिवळसर दिवा ठेवला. रात्री खोलीतले दिवे मालवले की आजोळच्या माडीवरची खिडकी आठवते. खरे शिंपले मात्र शोधत फिरू नका. दुधी अक्रिलिकने काम सुरेख होतं, आणि जुन्या घरांच्या खिडक्या जिथे आहेत तिथेच राहू द्याव्यात.

९. रंग

मदरबोर्ड ज्या पितळी खुंट्यांवर बसतो त्यांची भोकं आणि पॉवर सप्लाय टेकतो तो पत्रा यांवर मास्किंग टेप लावा. तिथे पत्रा उघडाच राहायला हवा, तिथूनच अर्थिंग पोचतं.

क्रम असा: जुना रंग ४०० ने खरवडून मंद करा, काढून टाकायची गरज नाही. थिनरने पुसा. वॉश प्रायमर, त्यावर साधा प्रायमर, वाळला की ८०० ने पाण्यात घासा. मग रंगाचे पातळ थर, दोन थरांत दहा-पंधरा मिनिटं. डबा वीत-दीड वीत लांब धरा, हात चालू झाल्यावर बटण दाबा आणि हात थांबण्याआधी सोडा. पहिल्या थरात खालचं दिसतंच, दिसू द्या. एकाच थरात झाकायला गेलात की ओघळ येतात.

पांढरट थर आलाच तर घाबरू नका. उन्हात कोरडं होऊ द्या, ८०० ने हलकं घासा, कोरड्या दिवशी वरून एक थर मारा.

बोटाला लागत नाही म्हणजे रंग वाळला असं नाही. आठवडाभर हात लावू नका.

पावडर कोटिंगचा पर्याय टिकाऊपणात सगळ्यात चांगला. कुंडई, पिळर्ण, वेर्णे, मडकई अशा औद्योगिक वसाहतींत चौकशी करा, एका नगाचं काम घेता का ते आधी फोनवर विचारा. ते पत्रा १८० ते २०० अंश तापमानाच्या भट्टीत घालतात, तेव्हा प्लास्टिक, रबर, स्टिकर सगळं काढून द्या, आणि कुठे कोटिंग नको ते खुणा करून सांगा.

१०. पत्र्यावर कावी

हा भाग मला सगळ्यात जवळचा आहे. गोव्यातल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर तांबडी-पांढरी नक्षी असते, ती कावी. पांढऱ्या चुन्यावर तांबड्या मातीचा थर देतात आणि तो ओला असताना टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा उघडा करतात. रंग भरायचा नसतो, काढून घ्यायचा असतो. वेली, कमळं, मोर, कंपासने काढलेली वर्तुळांची जाळी. नवीन बांधकामात कितीतरी ठिकाणी या भिंतींवर ऑइलपेंट फासला गेला. मी लहानपणी पाहिलेली एक भिंत आता उरलेली नाही, म्हणून ती मी कॅबिनेटच्या पत्र्यावर काढली.

पत्र्यावर चुना धरत नाही. मी केलं ते असं. बाजूच्या पत्र्याला पांढरा रंग दिला, पूर्ण आठवडा वाळवला, ८०० च्या पेपरने चकाकी मारली; चकाकी राहिली तर वरचा थर मोत्यांसारखा गोळा होतो. तुळशी वृंदावनाला लावतो तो गेरू आणला, मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळला. चार चमचे गेरूला एक चमचा फेव्हिकॉल, आणि पाणी एवढंच की मिश्रण ताकाच्या कढीसारखं वाहील. स्पंजने पातळ थर थोपटला. ब्रशने केलं तर रेघा राहतात. अर्ध्या तासाने आडवा दुसरा थर.

आता वेळ महत्त्वाची. भिंतीवर ओलं असताना जमतं, पण पत्र्यावर गेरू ओला असताना खरवडला तर चिखलासारखा ओढला जातो. पूर्ण सुकल्यावर कडक होतो आणि कपच्या उडतात. मधली वेळ, नखाने हलकं ओढलं की बारीक भुकटी निघते आणि कड स्वच्छ राहते, ती साधारण दीड-दोन तासांनी येते. हवेप्रमाणे ती बदलते, म्हणून शेजारी एका भंगार पत्र्यावर तोच थर देऊन त्यावर नखाने तपासत राहा. नक्षी ट्रेसिंग पेपरवरून बोथट पेन्सिलने दाबून उमटवा. खरवडायला मी झिजलेल्या ड्रिलचं टोक लाकडी मुठीत बसवलं. खालचा पांढरा रंग ओरखडणार नाही इतकाच जोर द्या. वरून खाली काम करा आणि हाताखाली कोरा कागद ठेवा, तळहाताचा घाम गेरू उचलतो.

एका बैठकीत संपेल एवढीच नक्षी घ्या. माझी पहिली वेल मी रात्री अर्धी सोडली, सकाळी उरलेला गेरू दगड झाला होता. पूर्ण पत्रा धुऊन पुन्हा सुरुवात केली.

शेवटी मॅट लॅकरचा (चकाकी नसलेल्या पारदर्शक वार्निशचा) स्प्रे. पहिले दोन थर धुक्यासारखे, फार लांबून. एकदम ओलं केलं तर गेरू वाहतो. तिसऱ्या थरापासून नेहमीसारखं. लॅकर बसल्याशिवाय त्या पत्र्याला पाण्याचा हात लावू नका.

११. दिवे

एकच सूचना, पण नीट वाचा. रंग बदलणाऱ्या पट्ट्या दोन जातींच्या असतात: बारा व्होल्टची चार पिनांची आणि पाच व्होल्टची तीन पिनांची. पाच व्होल्टची पट्टी बारा व्होल्टच्या जागी लावली की पट्टी जळते. पिनांवरचा बाण आणि मॅन्युअलमधलं चित्र जुळवा, जबरदस्तीने घुसवू नका.

पाच व्होल्टच्या पट्टीत एक दिवा पूर्ण पांढरा असताना साधारण ६० मिलिअँपिअर घेतो. मीटरला साठ दिवे असले तर ३.६ अँपिअर. मदरबोर्डच्या जागेची मर्यादा बहुधा तीन अँपिअरची असते. म्हणून एकाच जागेवर मीटरभर पट्टी नको, किंवा पॉवर सप्लायवरून चालणारा वेगळा कंट्रोलर घ्या. कावी केलेल्या पत्र्यामागे रंगीबेरंगी दिवे माझ्या डोळ्यांना खुपतात. एक उबदार पांढरा पुरतो.

१२. जोडणी

आत काही ठेवण्याआधी कॅबिनेट अंगणात नेऊन उलटं करा आणि थोपटा, मग ब्लोअर मारा, मग कोपऱ्याकोपऱ्यांतून लोहचुंबक फिरवा. चुंबकावर काही चिकटलं नाही असं दोनदा झालं की बोर्ड आत जाऊ द्या.

आत हवा ओढणारे पंखे बाहेर फेकणाऱ्यांपेक्षा जास्त ठेवा आणि जाळी ओढणाऱ्या पंख्यांवर लावा. म्हणजे फटींतून हवा बाहेर ढकलली जाते, आणि तांबडी धूळ फक्त जाळीवर जमते, जिथून ती पुसता येते. मच्छरजाळी दाट असते, हवा अडवते. लावायची तर तापमान बघून. मागच्या रिकाम्या कार्डांच्या फटींवर पत्र्याच्या पट्ट्या बसवायला विसरू नका. पाली तिथूनच शिरतात. आत ऊब असते, पावसाळ्यात त्यांना तीच हवी असते. माझ्या ओळखीत एकाचा बोर्ड पॉवर सप्लायच्या जोडणीवर मेलेल्या पालीने गेला.

कॅबिनेटला हात लागला की झिणझिण लागते का? लागत असेल तर रंगाचा दोष नाही, घरातल्या प्लगला अर्थिंग नाही. जुन्या घरांत हे फार आढळतं. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग करून घ्या, तोवर कॉम्प्युटर लावू नका.

चालू केल्यावर अर्धा तास जड काम द्या आणि प्रोसेसरचं तापमान कागदावर लिहा. मोकळं करण्याआधीही लिहून ठेवलं असेल तर दोन्ही आकडे शेजारी ठेवा. खिडकीसाठी पंख्याची जागा गेली असेल तर इथेच कळेल.

१३. पहिला पावसाळा

जूनपासून कॉम्प्युटर रोज तासभर तरी चालू ठेवा, आतल्या उबेने ओल बसत नाही. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे, जमिनीवर नको, स्टुलावर. लांब कुठे जाणार असाल तर प्लग काढून आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची दोन पाकिटं ठेवा.

जुलैच्या मध्याला एकदा बाजूचा पत्रा उघडा. रबराची पट्टी चार ठिकाणी उचलून खालची कड टॉर्चने बघा. तांबूस ठिपका दिसला तर तिथेच ४०० चा तुकडा घासा, पुसा, सुईच्या टोकाएवढा वॉश प्रायमर लावा, वाळू द्या, पट्टी परत बसवा. या कामाला दहा मिनिटं लागतात. प्रायमरची छोटी बाटली आणि पेपरचा तुकडा मी यासाठीच टेबलाच्या खणात ठेवतो.